झाडं ठेवली, तर अंगण कोण झाडणार?

पत्र थोडक्यात : नाशिकच्या महात्मानगरमधल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ६१. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले, मुलगा नोकरीसाठी पुण्यात. बंगल्याभोवती साधारण दीड हजार चौरस फूट मोकळी जागा. त्यात यजमानांनी लावलेला आंबा, एक देशी बदाम, फाटकाशी गुलमोहर, मागे कढीपत्ता आणि पारिजातक. तळमजल्याचा पुढचा भाग दातांच्या डॉक्टरांना भाड्याने दिला आहे. शिशिर लागला की पानांचा खच पडतो. गेल्या पावसाळ्यात ओल्या पानांवरून एका पेशंटचा पाय घसरला, तेव्हापासून डॉक्टर रोज आठवण करतात. गुलमोहराच्या फांद्या आपल्या गाडीवर येतात अशी शेजारच्या काकांची तक्रार. कोपऱ्यात पाला पेटवला की त्यांच्या सुनेला दम लागतो, त्यावरून भांडण झालं. एका ठेकेदाराने तोडगा सुचवलाय : बदाम आणि गुलमोहर काढू, सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवू. मुलगा पैसे द्यायला तयार आहे, म्हणतो, ‘आई, एकदाच करून टाक आणि मोकळी हो.’ ताई विचारतात : ‘झाडं ठेवून मी सगळ्यांना त्रास देतेय का? हा माझा हट्ट आहे का? (माझेही आता गुडघे दुखतात.)’

ताई,

तुमच्या पत्रात डॉक्टरांचं, काकांचं, त्यांच्या सुनेचं आणि मुलाचं गाऱ्हाणं सविस्तर आलं आहे. तुमचं स्वतःचं मात्र शेवटी, कंसात. मला वाटतं खरा प्रश्न त्या कंसातच आहे. तुम्हाला झाडं नकोशी झालेली नाहीत. दीड हजार फूट अंगण रोज एकटीने झाडणं नकोसं झालंय. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस खराट्यावर वैतागतो आणि कुऱ्हाड झाडावर पडते.

झाडं ठेवणं हा हट्ट नाही. पण दुसरा एक हट्ट तुमच्या घरात नक्की आहे, आणि तो पिढ्यानपिढ्यांचा आहे : अंगणात एकही पान दिसता कामा नये. सकाळी सडा, रांगोळी, मातीवर खराट्याच्या रेघा, तेव्हा कुठे घरची बाई टापटिपीची. ज्या अंगणांसाठी ही रीत पडली, ती शेणाने सारवलेली आणि दिवसभर वापरातली होती. तिथे धान्य वाळायचं, मांडव पडायचे, रात्री खाटा टाकल्या जायच्या. तुमच्या आंब्याखाली आज कोण पापड वाळवतंय? तिथे पडलेलं पान कुणाच्या वाटेत आहे? डॉक्टरांच्या पेशंटची वाट फाटकापासून पायरीपर्यंतची. तेवढी लख्ख हवी, यात वादच नाही. ती सोडून उरलेल्या जागेलाही तोच नियम लावायचा, असं कुणी सांगितलं?

आता त्या ‘एकदाच’बद्दल. पेव्हर ब्लॉक बसवले की काम संपतं, हा समज ठेकेदार पसरवतात आणि मुलं दूरगावी असली की त्यांना तो पटतो. आंबा तर तुम्ही ठेवणारच आहात, म्हणजे पानं पडणारच. शेजारच्या झाडांची वाऱ्याने येणारी वेगळी. ब्लॉकच्या सांध्यांतून पहिल्याच पावसाळ्यात गवत डोकावतं, आणि ते मातीतल्या गवतापेक्षा उपटायला कठीण. सावलीतल्या ब्लॉकवर श्रावणापर्यंत शेवाळ धरतं, म्हणजे घसरण्याची जी भीती टाळायला हे सगळं करायचं, तीच अंगणभर पसरते. मुंग्या खालची कच उपसतात, ब्लॉक खचतात, खड्ड्यात पाणी साचतं.

पाण्याचा हिशेबही करून ठेवा. शंभर चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होतं. तुमची मोकळी जागा सुमारे १४० चौरस मीटर. एखाद्या दुपारी ४० मिलिमीटर बरसला, तर साडेपाच हजार लिटरच्या आसपास पाणी. आज त्यातलं बरंचसं मातीत मुरतं. उद्या ते फाटकातून रस्त्यावर जाईल, किंवा उतार चुकला तर डॉक्टरांच्या पायरीशी थांबेल. गोदावरीचा पूर ज्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते बघायला आपण दर पावसाळ्यात धावतो, पण त्या पुरात आपापल्या फरशीबंद अंगणांचा वाटा किती, हे कुणी मोजत नाही. गोदापात्राच्या तळाशी ओतलेल्या काँक्रीटवरून या गावात किती वर्षं वाद चालला, तो तुम्हीही वाचला असेल.

म्हणून माझं मत सरळ आहे. फाटक ते पायरी एवढीच वाट पक्की करा. चार-पाच फूट रुंद, खरखरीत पृष्ठभागाची, दोन्ही कडांना मातीकडे हलका उतार दिलेली. गुळगुळीत, चकचकीत ब्लॉक कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. आणि कुठल्याही झाडाच्या बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी ठेवा.

झाडं तोडण्याबद्दल ठेकेदाराने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ सालापासून कायदा आहे, आणि तो खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे. झाड तुमच्या नवऱ्याने लावलेलं असो की आपोआप उगवलेलं, तोडण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावाच लागतो. मोठ्या फांद्या उतरवायच्या असल्या तरी आधी तिथेच विचारा. ‘परवानगीचं मी बघतो’ असं ठेकेदार म्हणाला असेल, तर ती परवानगी कागदावर, तुमच्या हातात आल्याशिवाय करवत लावू देऊ नका. तो निघून जातो, जागा तुमच्या नावावर राहते. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहर किती तापलं ते आपण पाहिलंय. अशा दिवसांत कुणीतरी शेजारी मोबाइलवर चित्रीकरण करणार, हे गृहीतच धरा.

गुलमोहराबाबत मात्र मी काकांच्या बाजूने आहे. तुम्हाला हे आवडणार नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसतो देखणा, पण त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर पसरणारी. वळवाच्या वादळात शहरात कोसळणाऱ्या झाडांत तो हमखास असतो. रस्त्यालगत, गाडीच्या डोक्यावर त्याची जाड आडवी फांदी असेल, तर काका कुरकुर करत नाहीत, धोका दाखवतायत. बुंध्याजवळ जाऊन नीट बघा. दोन मोठ्या फांद्या जिथे फुटतात त्या बेचक्यात चीर आहे का? बुडाशी अळंब्यांसारखी बुरशी दिसते का? काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का? एका बाजूची माती उचलली गेलीय का, भेगाळलीय का? यातलं काहीही दिसलं तर उद्यान विभागाला पाहणीसाठी अर्ज द्या. पाहणीत झाड धोक्याचं ठरलं आणि काढावं लागलं, तर त्यात यजमानांच्या आठवणीचा अपमान नाही. त्या जागी दुसरं, बेताच्या उंचीचं झाड लावता येईल. यातलं काहीच नसेल, तर काकांच्या गाडीवरची फांदी रीतसर उतरवून झाड राहू द्या.

फांदी उतरवताना झाडाचं मुंडण करू नका. वरून सरसकट शेंडा मारला की महिन्याभरात सरळसोट धुमारे फुटतात, पण त्यांचा जोड कच्चा असतो. दोन-तीन वर्षांनी तेच मोडून पडतात. जाड फांदी आधी खालून थोडी कापून, मग वरून कापतात, आणि उरलेला खुंट शेवटी बुंध्याजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेर छाटतात. नाहीतर फांदी पडताना बुंध्याची साल सोलून नेते. हे न सांगता ज्याला ठाऊक आहे, त्यालाच काम द्या. विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्यांना कुणीच हात लावायचा नाही, तिथे महावितरणला कळवायचं. आणि चढण्याआधी दुर्बीण नको, नुसते डोळे पुरेत : वैशाखात बुलबुलाची, शिंप्याची घरटी असतात. घरटं असलेली फांदी पिल्लं उडेपर्यंत थांबू शकते.

पाला पेटवणं ताबडतोब थांबवा. इथे सूनबाईंचं बरोबर आहे. थंडीत नाशिकची हवा जड असते, धूर वर न जाता गल्लीतच रेंगाळतो, आणि दमेकऱ्याला त्याचा त्रास तुम्ही आग विझवल्यावरही होत राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये, मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली आहे. ‘राखेचं खत होतं’ असं आपल्या आज्या म्हणायच्या. थोडं पालाश उरतं खरं, पण मातीला भुसभुशीत करणारा सगळा ऐवज आधीच धुरातून निघून गेलेला असतो.

मग पाल्याचं करायचं काय? आंब्याखालचा आणि पारिजातकाखालचा तिथेच राहू द्या. विटांची एक ओळ लावून हद्द आखा. हद्दीच्या आत पान पडलं तर ते जागेवर आहे, बाहेर पडलं तर आत ढकलायचं. एवढ्यानेच अंगण नीट दिसू लागतं. पसारा आणि आच्छादन यांत फरक असतो तो या कडेचाच. घराच्या भिंतीलगत मात्र दोन-अडीच फुटांचा पट्टा कायम मोकळा ठेवा. वाळवी चौकटीपर्यंत येऊ नये, भिंतीला ओल लागू नये आणि सापाला आडोसा मिळू नये, म्हणून.

जास्तीच्या पाल्यासाठी मागच्या कोपऱ्यात जाळीचं कडं करा. हार्डवेअरच्या दुकानातून चार फूट उंचीची, दहा फूट लांबीची तारेची जाळी आणा, टोकं तारेने बांधा : तीनेक फूट व्यासाचं कडं तयार. त्यात अर्धा फूट पाला, त्यावर घमेलंभर शेणकाला किंवा जुनं खत, वर पाणी, पुन्हा पाला. बदामाची पानं चिवट असतात, तशीच टाकली तर वर्षभर दाद देत नाहीत. ती कडक उन्हात वाळवून गोणीत भरायची आणि गोणी तुडवायची. (नातवंडं आली की हे काम त्यांचं.) पंधरा दिवसांनी कड्यातला पाला फावड्याने खालीवर करा आणि मूठभर उचलून दाबून बघा. पिळलेल्या फडक्याइतका ओलसर असला तर उत्तम. पाणी गळलं तर कोरडा पाला मिसळा, हाताला काहीच जाणवलं नाही तर पाणी शिंपडा. बहुतेक लोक इथेच कंटाळतात. कोरड्या ढिगाला ‘खत होत नाही’ म्हणून नावं ठेवतात, आणि तो बिचारा पाण्याविना नुसता पडून असतो. फाल्गुनातला पाला असा सांभाळला तर गणपतीपर्यंत चाळण्याजोगा होतो. पावसात कड्यावर ताडपत्री घातलीत तर उतरती बांधा, नाहीतर तिच्याच झोळीत डास होतील.

आता वेळापत्रक. आपल्याकडे साफसफाई म्हटलं की दिवाळी. घरासाठी ते ठीक. अंगणाचा मोठा दिवस मात्र मृगाच्या आधीचा असायला हवा. द्राक्षबागायतदार एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी आठवडाभर मागेपुढे करतानाही दहादा विचार करतो. आपण शहरात मात्र ज्या दिवशी कुऱ्हाडवाला दारावर येतो, त्या दिवशी छाटणी करतो.

संक्रांत झाली की झाडांत अडकलेला मांजा काढून घ्या. नायलॉन मांज्यावर बंदी असली तरी तो येतोच, आणि फांद्यांत महिनोन्‌महिने टिकून पाखरांचे पंख कापतो. तोडून खाली टाकू नका, गुंडाळून डबीत घालून कचऱ्यात द्या. माघ-फाल्गुनात पानगळ. तेव्हा जास्तीचा माणूस लावा, वर्षभर नको. बदाम पुन्हा एकदा पानं टाकतो, तेव्हाही दोन दिवस धरा. मे महिन्यात पन्हाळी, गच्चीवरच्या पाइपच्या तोंडच्या जाळ्या, आवारातली गटारं. गुलमोहराची बारीक पानं या जाळ्यांत गच्च बसतात, आणि पहिल्या पावसात गच्चीचं तळं होतं तेव्हा आपण प्लंबरला फोन करतो. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर.

पावसाळ्यात झाडलोट कमी आणि नजर जास्त. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा. कुंड्यांखालच्या ताटल्या, नारळाच्या करवंट्या, डॉक्टरांच्या एसीचं पाणी पडतं ती बादली, झाडाच्या बेचक्यातला खळगा. ताटल्या नुसत्या रिकाम्या करू नका, घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. खळग्यात वाळू भरा. गाजर गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. पाल्याच्या किंवा विटांच्या ढिगात हात घालण्याआधी लांब दांड्याच्या दंताळ्याने हलवून बघायचं. घोणस पाल्याच्याच रंगाची असते. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा, आणि चावलाच तर वेळ न दवडता सरकारी रुग्णालय गाठा. लांब दांड्याचं दंताळं आणि उभ्याने मारायचा खराटा या दोन वस्तू आजच आणा. वाकून झाडणं बंद.

माणसांकडे वळते. डॉक्टरांची वाट ही त्यांच्या धंद्याची वाट आहे. दवाखाना उघडण्याआधी आणि संध्याकाळी ती झाडणं त्यांच्या मदतनिसाच्या कामात बसवा. रागाने नको, करार नव्याने करताना एका ओळीत लिहून. पक्क्या वाटेचा खर्च तुमचा, रोजची झाडलोट त्यांची. सरळ बोललात तर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. पेशंट घसरला तेव्हा तेही घाबरलेच असतील.

मुलाशी बोलताना झाडांचं समर्थन करत बसू नका. त्याला तुमच्या गुडघ्यांचं सांगा. पत्रात मला सांगितलंत, त्याला सांगितलंय का? तो पैसे द्यायला तयार आहे ते आई दमते म्हणून. ब्लॉकचा आकडा ऐकून तो एकरकमी द्यायला निघालाय, तर म्हणा, ‘त्यातले थोडे वाटेला लावू आणि उरलेल्यात दरमहा माळी ठेवू.’ आठवड्यातून दोनदा येणारा माळी, आणि पानगळीत व मेमध्ये दोन माणसं जादा. तुमच्या अंगणाला एवढं पुरे.

काम कुणालाही द्या, पण बोली कागदावर करा. छाटलेल्या फांद्या कुठे जाणार, हे पहिलं विचारा. ‘टाकतो कुठेतरी’ याचा अर्थ नंदिनी नदीचा काठ किंवा एखादा मोकळा प्लॉट. घनकचरा नियमांप्रमाणे बागेचा कचरा वेगळा ठेवून पालिका सांगेल तसा द्यायचा असतो. फांद्यांचा ढीग घंटागाडीत चढवायचा प्रयत्न करू नका, आधी विभागीय कार्यालयात विचारून घ्या. तणनाशक मारणार नाही, पाला पेटवणार नाही, चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा असेल, हे तीन मुद्दे लिहून घ्या. शेवटचा हप्ता कचरा फाटकाबाहेर योग्य ठिकाणी गेल्यावर.

कॉलेजरोडचे दुकानदार, सोसायट्या, अंबड-सातपूरचे कारखानदार यांनाही हेच लागू आहे, फक्त मोजमाप मोठं. सोसायटीत एक कोपरा पाल्याला द्यायला सभासद तयार होत नाहीत, कारण प्रत्येकाला तो आपल्या खिडकीपासून लांब हवा असतो. तिथे कडं पार्किंगच्या मागे करा आणि पहिलं चाळलेलं खत तक्रार करणाऱ्याच्या कुंड्यांना द्या. पानं उडवायचं यंत्र वापरणाऱ्यांनी एवढं बघावं की धूळ शेजारच्या बाल्कनीत जात नाही.

ताई, मृगाला आता तीनेक आठवडे आहेत. पहिलं काम गुलमोहराचा अर्ज. बुंध्याचे, बेचक्याचे आणि काकांच्या गाडीवरच्या फांदीचे फोटो जोडा, अर्जाची पोच घ्या आणि तिची एक प्रत काकांना दाखवा. निकाल लागेपर्यंत गाडी दुसऱ्या बाजूला लावायची विनंती त्यांना करा. पन्हाळी आणि पाइप याच आठवड्यात साफ करून घ्या. वाटेचं काम पाऊस संपल्यावर, दसऱ्यानंतर काढा. आत्ता घाईने खोदलंत तर चिखलात अडकेल. तोवर पायरीपाशी काथ्याचं जाड पायपुसणं टाका आणि वाटेवर वाकलेल्या बदामाच्या खालच्या लहान डहाळ्या माळ्याकडून काढून घ्या.